सातव्या मजल्यावर थांबलेला हात

गादीवालीने ते भांडण ऐकलं तेव्हा ती कापसाच्या गठ्ठ्यांमागे उकिडवी बसली होती आणि तिच्या नाकात कापूस गेला होता. बसली होती ती सुतळीचं रीळ शोधायला, कुणाचं बोलणं चोरून ऐकायला नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच येऊन टेकतं. रीळ घरंगळत भिंतीपर्यंत गेलं होतं. हात लांब करून ती ते ओढणार, एवढ्यात गोदामाचं दार धाडकन उघडलं आणि तिचा धाकटा भाऊ आणि त्याचे तिघे दोस्त भांडतच आत आले.

चौघांचा बँड होता. धाकटा ड्रम बडवायचा. गायचा तो उंच्या. त्याला कुठल्याही दारातून वाकूनच यावं लागे. गिटार वाजवायचा मास्तर. तो दिवसा शाळेत पोरांना गणित शिकवायचा आणि संध्याकाळी दोस्तांना शहाणपण. चौथा जाड तारांची गिटार वाजवायचा. त्याला सगळे मुका म्हणायचे. मुका नव्हता हो, पण तोंड उघडायचं त्याच्या जिवावर यायचं. चौघं गोदामात वाजवायला बसत, कारण गाद्या, कापूस, काथ्या हे सगळं आवाज पिऊन टाकतं. बाहेर रस्त्यावर उभं राहिलं तर वाटावं, आत कुणीतरी उशीत तोंड खुपसून खोकतंय.

"हे गाणं गेलं तर मीपण गेलो," उंच्या म्हणाला.

"दार उघडंच आहे. फक्त वाकून जा, डोकं आपटेल."

"गाणं म्हणजे तुझी बेरीज-वजाबाकी नाही, मास्तर."

"आणि गाणं म्हणजे तुझं रडगाणंही नाही. सुरू झालं की संपायचं नाव नाही!"

"मागच्या वेळी तुझं ऐकलं. त्याच्या मागच्या वेळीही तुझंच."

"म्हणून लोक आले ऐकायला!"

धाकटा मधे पडला तर दोघं मिळून त्याच्यावरच घसरले. प्रकरण अगदी हातघाईवर आलं. गादीवाली रीळ तसंच सोडून जागीच दबून राहिली. भावाला आणलं होतं वळणावर ते या तिघांनी; त्याआधी तो कुठल्या कामावर आठवडाभर टिकत नव्हता. बँड मोडला की भाऊ मोडला, हे तिला लख्ख ठाऊक होतं.

तेवढ्यात मुका बोलला.

"ताईच्या हाताकडे बघा."

"काय?"

"आपण वाजवतो तेव्हा ती इथे बसून शिवते ना? गाणं बरं असलं की दाभण चालत राहतो. परवाच्या त्या रड्या गाण्याला थांबला होता. थांबला की गाणं टाकायचं. चालू राहिला की ठेवायचं. वाद खलास."

त्याच्या तोंडून एवढं एकदम कुणी ऐकलंच नव्हतं.

"आणि तिला सांगायचं?" धाकट्याने विचारलं.

"वेडा का तू? सांगितलं तर हात खोटा होईल. तिला सांगायचं नाही. आणि का थांबली ते विचारायचंही नाही. कधीच."

गठ्ठ्यांमागे गादीवालीने दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण शिंक तिने बाहेर पडू दिली नाही. चौघं चहाला गेले तेव्हा कुठे ती शिंकली. अशी शिंकली की वरच्या गठ्ठ्यातून कापूस उडाला. मग रीळ घेऊन ती आपल्या जागेवर येऊन बसली, जणू काही झालंच नाही.

त्या दिवसापासून ती पंच होती, आणि आपण पंच आहोत हे तिला माहीत आहे हे पंचायतीला माहीत नव्हतं.

आता ही बाई कोण, तेही सांगायला हवं. बापाचा गाद्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पुढे एक लांब खोली, तिच्यात गादी पसरायचा लाकडी चौथरा, बाजूला कापूस पिंजायचं यंत्र, आणि मागे गोदाम. शाळेत ती जेमतेम चार इयत्ता टिकली. अक्षरं तिच्या पाटीवर वाकडीतिकडी पळायची, पण गादीवर टाका मात्र पट्टी लावल्यासारखा सरळ. बाप म्हणाला, मग पाटी ठेव आणि दाभण घे. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. शाळेत बसायला गादी नव्हती, एवढीच तिची शाळेबद्दल तक्रार.

लग्न केलं तेही कारखान्यातल्याच पिंजणाऱ्याशी. आयुष्यभर त्या यंत्राच्या घरघरीसमोर उभा राहून त्याला कमी ऐकू यायचं. "म्हणून तर संसार सुखाचा झाला," असं ती त्याच्यासमोरच म्हणायची, आणि तो हसायचा. म्हणजे तेवढं ऐकू येत असावं.

गादी उसवली की तिला माणूस कळायचा. जुनी गादी नव्याने भरायला कुणी घेऊन आलं की ती तळहात फिरवायची आणि बोलायला लागायची. "वहिनी, तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता. आणि साहेब अगदी काठावर. काय, बोलणं बंद आहे की काय?" वहिनी लाल व्हायच्या, आणि साहेब म्हणायचे, गादी भरून द्या हो, भविष्य नको. एकदा एक माणूस चिडून गादी परत घेऊन गेला. आठवड्याने बायकोने ती पुन्हा पाठवली आणि सोबत निरोप, की अजून काय काय दिसतंय तेही कळवा.

पंच झाल्यावर तिने एक केलं. हात आपल्या मर्जीने थांबवायचा नाही, आणि मर्जीने चालवायचाही नाही. हे सोपं नव्हतं. एकदा मास्तरने एक टिंगल करणारं गाणं आणलं. तिला ते अजिबात पसंत नव्हतं, मनात म्हणत होती, थांब रे मेल्या हाता, थांब. पण हात थांबेना. उलट चालीवर टाके पटापट पडायला लागले. ते गाणं पुढे इतकं गाजलं की समोरच्या न्हाव्याच्या दुकानात सकाळ-संध्याकाळ तेच. ती दुकानावरून जाताना तोंड वाकडं करायची, आणि पाऊल मात्र तालावर पडायचं.

कार्यक्रम मात्र तिने एकही बघितला नाही. "एवढ्या आवाजात शिवता येत नाही, मग बसून करू काय?" हे तिचं उत्तर. तिचं काम वेगळं होतं. धाकट्याच्या ड्रमच्या स्टुलावरची गोल गादी दर कार्यक्रमाआधी ती उसवायची, जुना कापूस काढायची, नवा भरायची, आणि ती हॉलच्या मागच्या दारातून नेऊन स्वतः स्टुलावर बसवायची. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. धाकटा चारचौघांत सांगायचा, "जगात माझी बैठक ओळखणारी एकच बाई आहे आणि ती माझी बहीण आहे."

अशी चाळीसेक वर्षं गेली. पिंजणारा गेला. शेवटचं वर्षभर तो अंथरुणाला खिळून होता, डाव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून. चौघांचे केस गेले, दात गेले. मास्तर शाळेतून निवृत्त झाला, पण शहाणपणातून नाही. आणि मग उंच्याने आपली एक जुनी हौस बाहेर काढली. सुटी सुटी गाणी पुरे. या वेळचा सबंध अल्बम म्हणजे एकच गोष्ट.

गोष्ट होती एका लिफ्टवाल्याची. बारा मजल्यांची इमारत, बारा गाणी, एकेका मजल्यावर एकेक. तळाशी तो मिसरूड फुटलेला पोरगा, वर गच्चीवर पोचतो तेव्हा म्हातारा. मास्तर आधी खूप कुरकुरला. "लोक नाचायला येतात, जिने मोजायला नाही." पण पाचव्या मजल्याला त्याला इतकी झकास चाल सुचली की मग त्याचीच गाडी पुढे पळायला लागली.

सगळं जमलं आणि रिवाजाप्रमाणे ते गोदामात बसले. गादीवाली त्या दिवशी वसतिगृहाची मोठी गादी शिवत होती. पहिला मजला, दुसरा मजला. दाभण चालला. सहाव्या मजल्यावर लिफ्टवाला शीळ घालतो, तिथे तर ती गालातल्या गालात हसली. मग सातवा.

सातव्या मजल्यावर एक नवरा-बायको राहतात. लिफ्टवाला त्यांना रोज वर-खाली नेतो. मग एके दिवशी एकटी बायकोच यायला लागते. मग ती घर सोडते, आणि गादी खाली न्यायला लिफ्टवाल्याला हात लावायला सांगते. गादी लिफ्टमध्ये आडवी मावत नाही. तो ती उभी धरतो, मिठीत घेतल्यासारखी, आणि तिच्यावरचे दोन खळगे त्याच्या छातीला लागतात. एक खोल, एक उथळ, मधे उंचवटा. तळमजला येईपर्यंत तो तसाच उभा राहतो, आणि दार उघडतं तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात.

गादीवालीचा दाभण अर्ध्यात होता. तो तिथेच राहिला. आपला हात थांबलाय हे तिच्या गावीही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती काही न करता नुसती ऐकत बसली होती.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. उंच्याचा चेहरा पडला. पण नियम तो नियम. कुणी काही विचारलं नाही. आठवा मजला सुरू झाला आणि तिचा हातही सुरू झाला.

अल्बम बाहेर आला तेव्हा धाकट्याने तो घरी लावला. ती भाजी निवडत ऐकत होती. सहावा संपला. शीळ विरली. आणि एकदम आठवा.

"अरे, सातवा कुठे गेला?"

धाकटा उगाच खाकरला. "तो... जमला नाही गं."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. काय झालं ते तिला तत्क्षणी कळलं. वेष्टणावर बारा मजल्यांची इमारत काढली होती, सगळ्या खिडक्या पिवळ्या. चित्र आधीच छापायला गेलं होतं, म्हणून ऐनवेळी सातवी खिडकी काळी करून टाकली होती. दात पडल्यासारखी दिसत होती.

तिच्या ओठांवर आलं होतं, की मूर्खांनो, तो हात तसा थांबला नव्हता. पण बोलली असती तर एवढ्या वर्षांचं गुपित फुटलं असतं. हात खोटा होता का खरा, हा वाद उकरला गेला असता, आणि या दोघांना तर वादाला निमित्तच हवं असतं. तिने शेंग उचलली. बघू म्हणाली, लोक काय म्हणतात ते.

लोक काय म्हणणार! जितकी तोंडं तितके मजले.

न्हाव्याने दुकानात लावला आणि दुसऱ्या दिवशी बंद केला. "अकराव्या मजल्यावर एकदम केवढ्याने वाजवतात! गिऱ्हाईक दचकतं, वस्तरा माझ्या हातात असतो. कान गेला कुणाचा तर देणार कोण?" शेजारची शिंपीण दोनदा रडली, वरून म्हणाली, "पण मधेच काहीतरी हरवलंय बाई. सहाव्यावर शीळ घालतोय आणि आठव्यावर म्हातारा? मधे काय, ताप आला होता?" जुने चाहते रुसले, आम्हाला नाचवायचं सोडून लिफ्टमध्ये कोंडलं म्हणाले. कॉलेजच्या मुलांनी मात्र डोक्यावर घेतला. वर्तमानपत्रातल्या एका विद्वानाने तर लांबलचक लिहिलं. धाकट्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सातव्या मजल्यावरचं मौन हाच म्हणे या कलाकृतीचा आत्मा. तिथे न थांबणारी लिफ्ट म्हणजे मनुष्याचं न बोललेलं दुःख.

"असं का," गादीवाली म्हणाली. "मग सगळेच मजले गाळायचे होते. केवढा मोठा आत्मा झाला असता."

आणि दवाखान्यातला लिफ्टवाला उशी भरून घ्यायला आला होता, तो म्हणाला, "बाकी सगळं आमचंच आहे हो, खरं आहे. पण लिफ्टवाला मधला मजला गाळत नाही. कुणी बटण दाबलं तर थांबावंच लागतं."

ते वाक्य तिच्या मनात दाभणासारखं घुसलं.

इकडे उंच्या आणि मास्तर यांचं पुन्हा फाटलं. पुढच्या महिन्यात मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. मास्तरला जुनी गाणी हवी होती. उंच्याला सगळे मजले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "लोकांना भोक दिसतंय तुझ्या गोष्टीत," मास्तर म्हणाला. "ते भोक मी पाडलं नाही," उंच्या म्हणाला. त्यावर मुका काही बोलला नाही आणि धाकटा बोलला ते कुणी ऐकलं नाही. उंच्याने सांगून टाकलं, हा कार्यक्रम झाला की आपण मोकळे.

धाकटा घरी आला, ताटावर बसला आणि घास न घेताच उठला. म्हातारपणी माणूस जेवण टाकून उठतो तेव्हा ते पोरासारखं नसतं. ते बघवत नाही. गादीवालीने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि तिथल्या तिथे ठरवलं.

सकाळी तिने चौघांनाही निरोप धाडला. गोदाम रिकामं करायचंय, आपापलं सामान उचला.

चौघंही धापा टाकत हजर. उंच्या घाईत वाकायला विसरला आणि डोकं आपटून घेतलं.

"ताई, गोदाम विकलंस?" मास्तर.

"बसा."

"अगं, पण—"

"बस म्हटलं ना! इतकी वर्षं इथे आरडाओरडा केलात, आज पाच मिनिटं माझं ऐका." चौघं गाद्यांच्या थप्पीवर ओळीने बसले, पाय लोंबकळत. ती कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांपाशी जाऊन उभी राहिली. "तुमचं ते पहिलं मोठं भांडण आठवतं? दार उघडंच आहे, वाकून जा, म्हणाला होता मास्तर."

"हो," मास्तर म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "पण तेव्हा तू..."

"मी इथे होते. या गठ्ठ्यामागे. सुतळी शोधत होते."

बाहेर न्हावी कुणाला तरी मान खाली घाला म्हणत होता, तेवढं ऐकू आलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?" धाकटा. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मास्तर उठून उभा राहिला. "म्हणजे तू मुद्दाम थांबवायचीस! माझी ती तीन गाणी—"

"बस खाली. मुद्दाम थांबवला असता ना, तर तुझी निम्मी गाणी जन्मालाच आली नसती. ते टिंगलीचं गाणं तर आधी गेलं असतं. मी त्या हाताला मनात शिव्या घालत होते आणि तो नाचत होता. खोटा टाका मी गादीतही घातला नाही आणि तुमच्या गाण्यातही नाही."

मास्तर बसला. तो टिंगलीच्या गाण्यावर विचार करत असावा.

उंच्याने मात्र मान वर केली नाही. "मग सातव्याला खरंच थांबला होता ना हात," तो म्हणाला. "झालं तर. नियमच आहे."

"अरे शहाण्या, थांबला तो ऐकायला थांबला! बाकीची गाणी शिवता शिवता ऐकता येतात. ते येत नाही." ती गठ्ठ्यावर टेकली. "मला एक सांग. ते दोन खळगे तू आणलेस कुठून?"

"तुझ्याकडून."

"माझ्याकडून?"

"भाऊजी गेले त्यानंतर. तू त्यांची गादी चौथऱ्यावर घेतली होतीस, उसवायला. मी चहाचे कप ठेवायला आलो होतो. तू हात फिरवून म्हणालीस, बघ, हा खोल तो त्यांचा, हा उथळ माझा. आणि मधे हा बांध, तो कापूस बिचारा कुणाच्याच वाट्याला आला नाही, नवा कोरा राहिला. मग तू कात्री लावलीस. मी विसरलो नाही."

तिला ते बोलल्याचं आठवत नव्हतं. गादी आठवत होती. पहिला टाका कापायला फार वेळ लागला होता, तेही आठवत होतं. तिने नाक ओढलं आणि कापसाला दोष दिला.

मग थप्पीवरून मुका खाली उतरला.

"नियम मी केला होता," तो म्हणाला. "मीच मोडतो. ताई, तोंडाने सांग."

बघा, चाळीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. लाजली नाही, अडखळली नाही.

"सातवा ठेवा. हॉलमध्ये वाजवा, आणि सगळे मजले वाजवा, लिफ्टवाल्याने मजला गाळायचा नसतो. आणि अकरावा लांबलाय. कापा."

"बघ!" मास्तरने मांडीवर थाप मारली. "मी सांगत नव्हतो?"

"अकरावा?" उंच्या कळवळला. "अकराव्यात काय जास्त आहे?"

"शेवटी तू ओरडतोस ते सगळं. न्हाव्याच्या गिऱ्हाइकांचा विचार कर."

"तोंडाने विचारायला नको होतं हिला," उंच्या म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला होता. मास्तरने गिटार उचलली. धाकटा स्टुलावर बसला, उठला, आणि म्हणाला, "ताई, गादी दबलीय गं."

"माहीत आहे मला. तू वाजव."

हॉलमध्ये बाराही मजले वाजले. ती गेली नव्हती, पण शिंपीण गेली होती आणि तिने सांगितलं, की सातव्याला बाराशे माणसं खोकायची थांबली. मग वेष्टण नव्याने छापलं आणि सातव्या खिडकीत दिवा लागला. म्हणून लोक सुधारले असं समजू नका. जुने चाहते अजूनही नाचायचं मागतात. न्हाव्याने अकरावा कापल्याबद्दल आभार मानले आणि तरी दुकानात तेच टिंगलीचं गाणं लावलं. ज्यांच्याकडे काळ्या खिडकीचं वेष्टण आहे ते लोक ते ठेव असल्यासारखं मिरवतात. आणि त्या विद्वानाने पुन्हा लिहिलं, की सातवा मजला दाखवून बँडने स्वतःच्याच गूढाची माती केली. धाकट्याने वाचून दाखवलं तेव्हा गादीवाली म्हणाली, त्याला एकदा आपल्याकडे गादी घेऊन पाठव, कुठल्या कुशीवर झोपतो बघू.

उंच्या आणि मास्तर भांडतात ते भांडतातच. फक्त त्यानंतर भांडण टोकाला गेलं की दोघं तिच्याकडे यायचे, आणि ती सांगायची, आणि दोघंही तिच्यावर रुसायचे. बँड मात्र मोडला नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. झोपेत, स्वतः शिवलेल्या गादीवर, उजव्या कुशीवर. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने जे शेवटचं काम केलं ते असं.

कार्यक्रम दुपारचा होता. तिने स्टुलाची गोल गादी सकाळीच उसवून भरली, पिशवीत घातली आणि बसने हॉलपाशी उतरली. मागच्या दाराशी रखवालदार नवा होता.

"आजी, पास?"

"पास नाही. गादी आहे."

त्याने पिशवीत डोकावून पाहिलं, काही कळलं नाही, आणि आत सोडलं.

स्टेजवर मास्तर उंच्याला सांगत होता की माईक फार पुढे आहे, आणि उंच्या मास्तरला सांगत होता की मग तू मागे हो. मुका तारा पिळत होता. धाकट्याने हात वर केला. तिने मान हलवली आणि स्टुलापाशी गेली. जुनी गादी काढली, नवी बसवली, मुठीने चारी बाजूंनी दाबून पाहिली. एका कडेला कापूस जरा फुगला होता. तिने पदराला टोचलेला दाभण काढला, उभ्या उभ्या दोन टाके घातले, दोरा दातांनी तोडला. मग स्वतः त्याच्यावर बसली, एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, आणि उठली.

"ताई, आज तरी थांब ना," धाकटा म्हणाला. "सातवा ऐकून जा."

"ऐकलाय मी. घरी तीन उशा पडल्यात."

जाता जाता ती मागे न बघताच म्हणाली, "उंच्या, माईक मागे घे." मग जुनी गादी पिशवीत घालून, पिशवी काखेत मारून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.